दवाखान्यात काही चुकलं असं वाटलं, तर कायदा काय म्हणतो?



मी रिसालीहून बोलतोय. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगतो, रिसाली म्हणजे छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाई पोलाद कारखान्याच्या टाउनशिपला लागून असलेली वस्ती. कारखाना उभा राहिला तेव्हापासून विदर्भातली बरीच मराठी कुटुंबं इथे स्थिरावली. आता तिसरी पिढी आहे. घरात मराठी, बाजारात छत्तीसगडी, कोर्टात हिंदी आणि दवाखान्याच्या कागदांवर इंग्रजी, असा आमचा कारभार. मी दुर्गला वकिली करतो. आजचा विषय आहे वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे.

या विषयावर माझ्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरुवात करतो, "वकीलसाहेब, डॉक्टरांनी मारलं हो आमच्या माणसाला." त्या वाक्यामागचं दुःख खरंच असतं. पण वकील म्हणून मला पुढचे तीन प्रश्न विचारावे लागतात. नेमकं काय चुकलं असं तुम्हाला वाटतं? कागद कुठे आहेत? आणि हे कधी घडलं? या तिन्हींची उत्तरं नीट असतील तर दावा उभा राहतो. एखादं उत्तर हरवलेलं असेल, तर खरी तक्रारसुद्धा आयोगाच्या दारात अडखळते. म्हणून आजचं बोलणं मी या तीन प्रश्नांभोवतीच ठेवणार आहे. शेवटी तुमच्याकडून आलेले काही प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न: चूक म्हणजे नेमकं काय?

भारतात या कायद्याचा पाया ज्या खटल्याने घातला, तो आपल्या मराठी मुलखातला आहे. 'डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले'.

6 मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. समुद्रकिनारी वाळूत एका विशीतल्या मुलाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावात मोठ्या उपचाराची सोय नव्हती. पायाला फळ्या बांधून त्याला टॅक्सीने पुण्याला नेलं. तिथल्या एका खासगी रुग्णालयात 9 मे रोजी त्याचं हाड बसवण्यात आलं. त्याच रात्री तो गेला. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. त्यांचं म्हणणं असं, की मुलाला नीट भूल न देता, माणसं लावून, जोर करून पाय ओढला आणि प्लास्टर घातलं, त्या धक्क्याने तो गेला. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. मृत्यूचं कारण दुसरंच आहे, असा त्यांचा बचाव होता. खालच्या कोर्टाने आणि उच्च न्यायालयाने वडिलांचं म्हणणं मान्य केलं, 3,000 रुपये भरपाई दिली, आणि 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. घटना 1953 ची, शेवटचा निकाल 1968 चा. पंधरा वर्षं.

रक्कम आज किरकोळ वाटेल. पण त्या निकालात न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली, ती आजही प्रत्येक खटल्यात उद्धृत होतात. पहिलं, हा रुग्ण आपण हाती घ्यावा का, हे काळजीपूर्वक ठरवणं. दुसरं, कोणता उपचार द्यावा हे काळजीपूर्वक ठरवणं. तिसरं, तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी घेणं. या तिन्हींपैकी एकातही हयगय झाली आणि त्यातून रुग्णाचं नुकसान झालं, तर दाव्याला जागा आहे.

आता 'काळजी' किती? कायदा डॉक्टरकडून चमत्कार मागत नाही. शहरातल्या सगळ्यात नामवंत सर्जनची मोजपट्टीही लावत नाही. त्या शाखेतला सर्वसाधारण, जाणता डॉक्टर अशा परिस्थितीत जितकी काळजी घेईल, तितकी या डॉक्टरने घेतली का, एवढंच बघतो. एका आजारावर दोन मान्य उपचार असतील आणि डॉक्टरने त्यातला एक निवडला, तर दुसरा अधिक बरा ठरला असता म्हणून तो दोषी होत नाही.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलचा खटला घ्या. 1998 साली एक रुग्ण तिथे दाखल झाला, ऑपरेशन झालं, पुढे गुंतागुंत वाढत गेली आणि दोनेक महिन्यांत तो वारला. कुटुंबाचं म्हणणं होतं, की सर्जन परदेशी निघून गेले, तपासणीचं यंत्र बंद होतं, ऑपरेशन थिएटर वेळेत मिळालं नाही. राष्ट्रीय आयोगाने 14 लाखांहून जास्त भरपाई दिली. पण 30 नोव्हेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. डॉक्टर योग्य तो उपचार देण्याची हमी देऊ शकतो, रुग्ण वाचेलच याची देऊ शकत नाही. एकच डॉक्टर चोवीस तास खाटेशेजारी बसून राहील, अशी अपेक्षाही धरता येत नाही. रुग्ण गेला, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.

म्हणजे माणूस दगावला, खर्च अफाट झाला, नर्स उद्धट वागली, डॉक्टर बोलायला तयार नव्हते, या गोष्टींनी आपल्याला राग येतो आणि तो योग्यही असेल. पण दाव्यासाठी चार कड्यांची साखळी लागते. डॉक्टर किंवा रुग्णालयाने उपचाराची जबाबदारी घेतली होती. त्यात अपेक्षित काळजी घेतली नाही. रुग्णाचं नुकसान झालं. आणि ते नुकसान त्याच हयगयीमुळे झालं. सगळ्यात जास्त दावे तुटतात ते चौथ्या कडीवर. उपचारात ढिलाई दिसते, पण मृत्यू त्याच ढिलाईमुळे झाला की मुळातल्या आजारामुळे, हे दाखवता येत नाही.

काही खटल्यांत मात्र वस्तुस्थिती स्वतःच बोलते. औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. जुलै 1963. सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. मग ताप, पोटात असह्य दुखणं. 19 जुलैला पोट पुन्हा उघडलं, तेव्हा आत कापडाचा बोळा राहिलेला सापडला. 24 जुलैला ती गेली. मागे नवरा आणि लहान मुलं. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये दिले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि फेब्रुवारी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा मंजूर केली. हा 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' खटला. पोटात कापड राहिलं हे दाखवल्यावर ते कुणाच्या हातून राहिलं, हे कुटुंबाने शोधून सांगायची गरज नाही. असं कसं झालं याचा खुलासा रुग्णालयाने करायचा. शिवाय सरकारी डॉक्टरच्या चुकीसाठी सरकार जबाबदार धरलं गेलं, हाही त्या निकालाचा मोठा भाग.

आणखी एक प्रकार आहे, तो आपल्या गल्लीबोळात फार दिसतो. ज्या शाखेचं शिक्षण नाही, त्या शाखेची औषधं देणं. मुंबईत एका होमिओपॅथिक डॉक्टरने तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली. 1992 साली रुग्ण गेला. 1996 साली पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपल्याला ज्या पद्धतीचं ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणं हाच निष्काळजीपणा आहे. 3 लाख रुपये भरपाई झाली. म्हणून दवाखान्याच्या भिंतीवर नोंदणी क्रमांक आणि पदवी काय लिहिली आहे, ते एकदा वाचत जा.

संमतीची सही

संमतिपत्राचा विषय इथेच घेतो, कारण तोही 'चूक काय' याचाच भाग आहे. ऑपरेशनच्या आधी काऊंटरवर एक छापील कागद पुढे येतो. इंग्रजीत, बारीक अक्षरात. आपण सही करतो. नंतर लोक विचारतात, "सही केली, आता काय उपयोग?"

उपयोग आहे. 16 जानेवारी 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात हे नीट उलगडून सांगितलं. दिल्लीतल्या 44 वर्षांच्या त्या बाईंनी फक्त तपासणीच्या प्रक्रियेला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशयच काढून टाकलं. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, तर निर्णय तिचाच. आईची सही चालणार नाही. तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला वापरता येणार नाही. डॉक्टरचा हेतू चांगला होता हे मान्य करूनही न्यायालयाने भरपाई दिली.

संमती खरी ठरण्यासाठी रुग्णाला उपचाराचं स्वरूप, त्याची गरज, धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे त्याला कळेल असं सांगायला हवं. आमच्या घरांत आजी-आजोबांना हिंदीसुद्धा अर्धी कळते. तेव्हा सही करण्याआधी "मला हे मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगा" असं म्हणा. आणि "सर्व जबाबदारी रुग्णाची" असं छापलेल्या कागदावर सही केली, म्हणून निष्काळजीपणाला माफी मिळत नाही. तुम्ही आजाराच्या आणि उपचाराच्या ज्ञात धोक्यांना संमती देता. हयगयीला कुणी संमती देत नसतं.

दाद कुठे मागायची?

दारं चार आहेत, आणि प्रत्येक दारामागे वेगळी गोष्ट मिळते. हे नीट ठरवलं नाही तर माणूस वर्षभर चुकीच्या दारावर उभा राहतो.

भरपाई हवी असेल तर बहुतेकांसाठी ग्राहक आयोग. 13 नोव्हेंबर 1995 रोजी 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. 2019 चा नवा कायदा आल्यावर, त्यात आरोग्यसेवेचा वेगळा उल्लेख नाही म्हणून डॉक्टर सुटले, असा युक्तिवाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं.

मात्र 'ग्राहक' होण्यासाठी सेवेचं मोल दिलेलं असावं लागतं. जिथे सगळ्यांनाच उपचार मोफत आहेत, असं सरकारी रुग्णालय या कायद्याबाहेर. तिथे पाच-दहा रुपयांची पर्ची फाडली म्हणून आपण ग्राहक होत नाही. पण जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काही गरिबांवर मोफत उपचार करतात, तिथला मोफत रुग्णसुद्धा ग्राहकच. विमा कंपनीने बिल भरलं, तरी ग्राहकच.

आमच्या भिलाईसारख्या गावांना यातला पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. कारखान्यात, रेल्वेत, खाणीत नोकरी असते आणि कंपनीच्या रुग्णालयात कुटुंबावर उपचार होतात. खिशातून पैसे जात नाहीत, म्हणून लोक समजतात की आपल्याला हक्क नाही. शांता खटल्यातच न्यायालयाने सांगितलं आहे, की नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मालक कर्मचाऱ्याच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या उपचाराचा खर्च उचलतो, तेव्हा ती सेवा मोफत नसते. ती त्याच्या नोकरीच्या मोबदल्याचाच भाग असते. कामगार विमा योजनेच्या, म्हणजे ईएसआयच्या रुग्णालयांबाबतही 2007 साली असाच निकाल झाला. चंद्रपूर, नागपूर, जमशेदपूर, बोकारो, जिथे कुठे आपले लोक अशा नोकऱ्यांत आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरं दार राज्याच्या वैद्यकीय परिषदेचं. इथे पैसे मिळत नाहीत. डॉक्टरच्या व्यावसायिक वर्तनाची चौकशी होते, ताकीद दिली जाते, नोंदवहीतून नाव काही काळासाठी किंवा कायमचं काढलं जाऊ शकतं.

तिसरं दार पोलिसांचं. 'जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य' या 5 ऑगस्ट 2005 च्या निकालाने हे दार बरंच अरुंद केलं, आणि ते मला योग्य वाटतं. फौजदारी गुन्ह्यासाठी साधी हयगय पुरत नाही, ती घोर स्वरूपाची असावी लागते. गुन्हा पुढे नेण्याआधी त्याच शाखेतल्या निष्पक्ष, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं, आणि केवळ आरोप झाला म्हणून डॉक्टरला अटक करू नये, असं न्यायालय म्हणालं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरला वैद्यकीय प्रक्रिया करताना असं घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे.

चौथं दार दिवाणी न्यायालयाचं. मोफत सरकारी रुग्णालयात चूक झाली, तर मुख्यतः हाच मार्ग, औरंगाबादच्या खोडवा कुटुंबासारखा. मोठ्या प्रमाणावर हक्कांचा भंग झाला असेल तर उच्च न्यायालयात किंवा सर्वोच्च न्यायालयात याचिका होते. आमच्या राज्यातली जखम सगळ्यांना आठवत असेल. नोव्हेंबर 2014 मध्ये बिलासपूरजवळ सकरी इथल्या शिबिरात काही तासांत 83 महिलांची नसबंदी केली गेली. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर डझनाहून अधिक बायका दगावल्या. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

दुसरा प्रश्न: कागद कुठे आहेत?

माझ्याकडे येणाऱ्यांच्या पिशवीत बहुधा दोन गोष्टी असतात, औषधांची बिलं आणि डिस्चार्ज कार्ड. डिस्चार्ज कार्ड हा रुग्णालयाने केलेला सारांश असतो. खरी हकिकत आतल्या फाईलमध्ये असते. कोणत्या वाजता रक्तदाब किती होता, डॉक्टर किती वाजता बघून गेले, कोणतं इंजेक्शन कुणी दिलं, भुलीची नोंद काय, नर्सने रात्री काय लिहिलं. मराठीत आपण तिला केस पेपर म्हणतो, रुग्णालयात इनडोअर फाईल म्हणतात.

ती मिळवण्याचा हक्क तुम्हाला आहे. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार, दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात. मागणी तोंडी करू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा. रुग्णाचं नाव, दाखल क्रमांक, तारखा, आणि 'संपूर्ण इनडोअर फाईल, नर्सिंग नोंदी, भूल व ऑपरेशनच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल आणि फिल्म यांच्या प्रती' असं स्पष्ट लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. रुग्णालयाने कागद दिलेच नाहीत, तर ही पावती आयोगासमोर तुमच्या बाजूने बोलते.

अर्ज लवकर द्या. पहिल्या आठवड्यात दिलात तर उत्तम. वेळ जातो तसं फाईल 'सापडत नाही', किंवा नोंदी आधीच होत्या की नंतर भरल्या याचा वाद सुरू होतो.

आता एक कठीण गोष्ट. मृत्यू संशयास्पद वाटत असेल, तर शवविच्छेदन. घरात रडारड असते, वडीलधारे म्हणतात, "देहाची आणखी चिरफाड नको." मी कुणाला आग्रह करत नाही. पण कायद्याच्या बाजूने सांगणं माझं काम आहे. मघाशी जी चौथी कडी म्हटली, मृत्यूचं कारण, ती पुष्कळदा याच एका अहवालावर टिकते किंवा तुटते. अंत्यसंस्कार झाल्यावर तो पुरावा परत मिळत नाही.

त्यानंतर त्याच शाखेतल्या दुसऱ्या डॉक्टरला फाईल दाखवा. आपल्याच गावात कुणी बोलायला तयार नसेल तर नागपूर, रायपूर, पुणे, कुठेही. त्याला "डॉक्टर चुकला का?" असं विचारू नका. "या नोंदी बघता तुम्ही काय केलं असतं आणि कधी?" असं विचारा. तज्ज्ञाचं लेखी मत मिळालं तर दावा भक्कम होतो. प्रत्येक खटल्यात ते लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली व्ही. किशन राव खटल्यात सांगितलं आहे. पोटात कापड राहिलं किंवा डाव्याऐवजी उजव्या पायावर ऑपरेशन झालं, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. गुंतागुंतीच्या आजारात मात्र लागतो.

आणि अनेकदा हेच मत ऐकून कुटुंबाला कळतं, की डॉक्टरांनी करता येण्यासारखं सगळं केलं होतं. तेव्हा दावा करू नका असं मी सांगतो. त्या मतानेही मनातली खदखद शांत व्हायला मदत होते.

तिसरा प्रश्न: हे कधी घडलं?

ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत दोन वर्षं आहे. उशिराचं सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका.

मुंबईचा एक खटला सांगतो. 1993 साली पेशाने परिचारिका असलेल्या एका बाईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पुढे वर्षानुवर्षं पोटात दुखत राहिलं, त्या गोळ्या घेत राहिल्या. 2002 साली दुसरं ऑपरेशन झालं, तेव्हा आत राहिलेलं कापड निघालं. 2004 साली त्यांनी तक्रार केली. त्यांचं म्हणणं होतं, की कापड सापडलं तेव्हापासून दोन वर्षं मोजा. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं, की चूक उघड नसेल तर ती कळल्यापासून मुदत मोजता येते हे तत्त्व बरोबर. पण इतकी वर्षं दुखत असताना, स्वतः वैद्यकीय क्षेत्रातल्या असून, त्यांनी त्या डॉक्टरांकडे जाऊन चौकशी केली नाही. तक्रार मुदतीबाहेर ठरली. कापड होतं की नव्हतं, कुणाचं होतं, इथपर्यंत खटला पोचलाच नाही.

बाराव्याचं, वर्षश्राद्धाचं, मग कर्जाचं, मग मुलीच्या परीक्षेचं, असं करत दोन वर्षं कधी सरतात ते कळत नाही. दिवाणी दाव्याची मुदत दाव्याच्या प्रकारानुसार वेगळी असते, म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, "माझी शेवटची तारीख कोणती?" आणि ती कॅलेंडरवर लिहा.

तुमचे प्रश्न

*"आम्ही राहतो भिलाईत, उपचार झाले नागपुरात. तक्रारीसाठी दर वेळी नागपूरला जायचं का?"*

नाही. 2019 च्या कायद्याने, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. तुम्ही दुर्गच्या जिल्हा आयोगात करू शकता. उलट एखादं कुटुंब लातूरचं असेल आणि उपचार हैदराबादला झाले असतील, तर लातूरला. तक्रार ऑनलाईनही दाखल करता येते. महाराष्ट्रातले कागद मराठीत असतील तर इथे हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडा, काम सोपं होतं.

*"खर्च किती येतो? वकील लावावाच लागतो का?"*

तक्रार कोणत्या आयोगात जाईल आणि फी किती, हे आता तुम्ही रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. 5 लाखांपर्यंत बिल भरलं असेल तर फी शून्य. वकिलाची सक्ती नाही, तुम्ही स्वतः उभे राहू शकता. साध्या तक्रारीत लोक राहतातही. वैद्यकीय खटल्यात मात्र समोरच्या बाजूला विमा कंपनीचे अनुभवी वकील असतात, म्हणून जाणकार माणूस बरोबर असलेला बरा. जिल्हा आयोगाच्या निकालावर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. पैसे द्यायचा आदेश झालेल्याने अपील करायचं असेल, तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते.

*"कोट्यवधी रुपये मिळतात म्हणे?"*

कोलकात्याच्या डॉ. कुणाल साहा यांच्या खटल्यामुळे हा समज झाला. त्यांच्या पत्नी 1998 साली गेल्या आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 6 कोटी रुपये आणि वर व्याज मंजूर केलं. पंधरा वर्षांची लढाई होती आणि लढणारा स्वतः डॉक्टर होता. ती रक्कम अपवाद समजा. भरपाई ठरवताना रुग्णाचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं, झालेला आणि पुढे होणारा खर्च, सोसलेला त्रास हे सगळं बघतात. आकडा भरमसाट मागितला म्हणून भरमसाट मिळत नाही. प्रत्येक रुपयामागे कागद लागतो. वडील काय कमावत होते, तो पगाराचा दाखलासुद्धा त्यातलाच.

*"राग अनावर होतो. पोरांनी काचा फोडल्या तर?"*

तर तुमची तक्रार मागे पडते आणि तुमचीच पोरं आरोपी होतात. रुग्णालयातली तोडफोड आणि मारहाण यांसाठी महाराष्ट्रात आणि छत्तीसगडमध्येही 2010 पासून वेगळे कायदे आहेत. त्या रात्री ड्यूटीवर असलेला डॉक्टर पुष्कळदा पंचविशीतला शिकाऊ पोरगा असतो, निर्णय घेणारा तो नसतोच. पोरांना घरी पाठवा. एकाला फाईलचा अर्ज घेऊन काऊंटरवर उभं करा.

आणखी एक सांगून थांबतो. मी डॉक्टरांविरुद्ध बोललो असं कुणी समजू नये. याच भागातल्या डॉक्टरांच्या बाजूनेही मी उभा राहिलो आहे, आणि ज्यांनी वेळच्या वेळी नीट नोंदी ठेवल्या होत्या, त्यांना त्या नोंदींनीच वाचवलं. तेव्हा माझी विनंती दोघांनाही आहे. डॉक्टरांनी लिहून ठेवावं, आणि आपण मागून घ्यावं.

हे ऐकून घरी आज एकच काम करा. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक फाईल करा आणि जुने रिपोर्ट, पर्च्या, डिस्चार्ज कार्डं तारखेप्रमाणे लावा. दावा करायची वेळ कुणावर न येवो. पण नव्या डॉक्टरला जुना आजार सांगायला तरी ती फाईल उपयोगी पडेलच.

प्रश्न असतील तर पाठवत राहा.